पन्नास रुपयांचा दंड आणि राखून ठेवलेली शिक्षा

‘एक दुकानदार’ अशा सहीने माझ्या प्रोबेशनवरच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सारांश: त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानातून तांब्याची वायर चोरणाऱ्या पोराला कोर्टाने प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीचा बॉण्ड (हमीपत्र) घेऊन सोडलं. चार महिन्यांत त्याने अट मोडली आणि पन्नास रुपये भरून तो पुन्हा चौकात हजर. ‘तुम्ही मात्र लेखात ठोकून दिलंत की अट मोडली की थेट तुरुंग. प्रोबेशन मिळतं संजय दत्तसारख्यांना, गरिबाला कोण विचारतो? वकिलांना चोरांचाच कळवळा. आणि अशांना उद्या नोकरीही मिळणार का?’

दादा, पहिला मुद्दा तुमचाच. ते वाक्य माझं चुकलं होतं, लेखात दुरुस्त केलं आहे. प्रोबेशनचा कायदा म्हणजे गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८, त्याचं कलम ९. बॉण्डची अट मोडल्याची कोर्टाची खात्री झाली, तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. पण मोडण्याची ती पहिलीच वेळ असेल तर बॉण्ड चालू ठेवून नुसता दंडही करू शकतं. त्या दंडाची कमाल रक्कम १९५८ साली पन्नास रुपये लिहिली होती, आजही पन्नासच आहे. तेव्हा पन्नास रुपये मजुराला जड होते, आता त्यात दोन वडापाव आणि दोन कटिंग येतात. तुमचा संताप इथे शंभर टक्के रास्त आहे.

संजय दत्तचं मात्र उलटं आहे. २००७ मध्ये टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) कोर्टाने त्याला शस्त्र कायद्याखाली सहा वर्षं दिली, तेव्हा त्याने प्रोबेशन मागितलं होतं. ते नाकारलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पाच वर्षांवर आणली, पण प्रोबेशन तिथेही नाकारलं. तो येरवड्यातून अधूनमधून बाहेर आला तो फर्लो आणि पॅरोलवर. ती आधीच शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची रजा. प्रोबेशनमध्ये माणूस दोषी ठरतो, पण शिक्षा सुनावलीच जात नाही, कोर्ट ती राखून ठेवतं. ‘बोलावू तेव्हा येऊन शिक्षा घेईन आणि तोवर नीट वागेन’ असा बॉण्ड तो लिहून देतो, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. (आणि तुमच्या दुकानात चोरी करणारा पोरगा काही कुणा सिनेनटाचा मुलगा नव्हता, त्याला मिळालंच की.)

आता पन्नास रुपयांत सुटलेला एक माझा पक्षकार सांगतो. वय एकोणीस, पाण्याच्या मोटारीची केबल चोरलेली, पहिलाच गुन्हा. एकवीसच्या आतल्या मुलाला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात आणि आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल मागवावा लागतो. अधिकारी बाई त्याच्या पत्र्याच्या घरी गेल्या, आईशी बोलल्या, शेजारच्या किराणावाल्याकडे त्याची उधारी किती तेही विचारून आल्या. अहवाल पाकिटात बंद होऊन आला. दोन वर्षांचा बॉण्ड, मामा जामीनदार, अटी तीन: नशा करायची नाही, महिन्याला बाईंसमोर हजर व्हायचं, परवानगीशिवाय राहता पत्ता सोडायचा नाही.

दिवाळीनंतर बापाने ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आईचं कंबरडं गेलेलं, म्हणून बापाच्या जोडीला पोरगा निघाला. ट्रॅक्टर रात्री अकराला गावातून सुटला, कोर्ट त्या वेळी कुणाच्या डोक्यात असणार? डिसेंबरची हजेरी चुकली, जानेवारीची चुकली. समन्स ‘घरी मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत आलं, मग वॉरंट निघालं आणि नोटीस मामाला गेली. मामा माझ्याकडे आला तो शेत जातंय की काय या भीतीने. बॉण्ड जप्त झाला तर जामीनदाराकडून रक्कम वसूल होते, ही भीती खोटी नव्हती.

फेब्रुवारीत पोराला उभं केलं. हाताला उसाच्या पाचटाने चिरा पडलेल्या, पायात एकाच पायाचे दोन स्लिपर. मी मुकादमाच्या वहीतली त्याच्या नावची पानं दाखवली. न्यायाधीश साहेबांनी वही उलटसुलट करून पाहिली, पन्नास रुपये दंड केला आणि बॉण्ड चालू ठेवला. मग परिविक्षा अधिकारी बाईंकडून कलम ८ खाली अर्ज दिला: हंगामापुरती पत्त्याची अट बदला, हजेरी कारखान्याजवळच्या पोलीस ठाण्यात लावू. मंजूर झाला. हा अर्ज ऑक्टोबरात दिला असता तर वॉरंटची वेळच आली नसती. अट बदलून मागता येते हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, मीही नाही. याची मला अजून लाज वाटते.

साहेबांनी जाताना त्याला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी दंडाची सोय नाही. आणि ती खरंच नव्हती. चोरीच्या कलमात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती तशीच फाइलीत पडून होती.

नोकरीचं विचारलंत. कलम १२ म्हणतं, प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. पण गुन्हा पुसला जात नाही, खातं स्वतंत्र कारवाई करू शकतं. दिल्लीच्या दूध योजनेतल्या एका रोखपालाने पाचशे रुपये वापरले, भरून टाकले, प्रोबेशन मिळालं आणि तरी नोकरी गेली. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या: कलम १२ बडतर्फीपासून वाचवत नाही, पण इतक्या कारणासाठी बडतर्फी ही मनमानी आहे. माणूस कामावर परत गेला.

राहिला तुमच्या चौकातला तो पोरगा. देखरेख विरळ आहे, हे मान्य. परिविक्षा अधिकाऱ्यांच्या डोक्यावर बालगृहांपासून कौटुंबिक हिंसाचारापर्यंत सगळं असतं, चौकात कोण उभा आहे ते त्यांना दिसत नाही. तुम्हाला दिसतं. कलम ९ मध्ये शब्द आहेत, ‘परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा अन्यथा’. त्या ‘अन्यथा’त तुम्ही बसता. निकालाची नक्कल काढा, नेमक्या अटी वाचा. चौकात उभं राहणं ही अट मोडणं नव्हे. पण दारू पिऊन दुकानासमोर गोंधळ घातला असेल, धमकी दिली असेल, तर तारीख-वेळ लिहून सरकारी वकिलांमार्फत त्याच कोर्टाला कळवा. आता ती त्याची दुसरी वेळ असेल.

आणि एक, जे तुमच्या वकिलाने निकालाच्या दिवशीच सांगायला हवं होतं: कलम ५. प्रोबेशनवर सोडताना कोर्ट आरोपीला नुकसानभरपाई आणि खर्च द्यायला लावू शकतं. वीस वर्षांच्या वकिलीत ती मागणारे फिर्यादी मी मोजून सात-आठ पाहिले. तुमच्या वायरचं बिल जपून ठेवलंय का?