आंतरपाट आणि १२ ग्रॅम लोणचं

झेलम एक्सप्रेसचं, म्हणजे पुणे-जम्मू गाडीचं, तिकीट निघालं की पुण्यातल्या घरात पहिली चौकशी जम्मूच्या थंडीची होत नाही, गाडीतल्या स्वयंपाकघराची होते. "पँट्री आहे ना हो अजून? काढणार म्हणत होते!" कोण म्हणत होते, ते विचारायचं नसतं. दोन हजार किलोमीटरहून लांबचा रस्ता, मध्ये दोन रात्री, आणि एवढ्या प्रवासात गाडीतून काय काय कमी होणार याची यादी शेजारचे काका जिना उतरताउतरता देतात. त्यातलं निम्मं खोटं असतं. उरलेलं निम्मं कधीच होऊन गेलेलं असतं, पण ते काकांच्याही लक्षात आलेलं नसतं.

आता हेच बघा. १ नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं. (प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. बोटांवर मोजणारे इथेच एका दिवसाने चुकतात.) रेल्वेच्या लेखी ही शिस्त असेल. पण "आमचं झालंय हो बुकिंग" असं चारचौघांत सांगण्याचे पुणेकराचे दोन महिने त्यात बुडाले, त्याचा परतावा कोणी द्यायचा? ज्येष्ठांची सवलत, म्हणजे पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना ५८नंतर ५०, मार्च २०२०मध्ये थांबली ती थांबलीच. वय मात्र अजून विचारतात. ते खरं सांगावं. पुरुषाची साठी आणि बाईची पंचेचाळिशी झाली असेल तर शिल्लक असेपर्यंत खालचा बर्थ मिळतो. सवलत गेली, गुडघे राहिले. निदान गुडघ्यांची नोंद आहे.

काही गोष्टी वेळ वाचवण्याच्या नावाखाली जातात. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला सोडवून मागच्या टोकाला लावावं लागायचं. इंजिनाकडे तोंड असलेल्या खिडकीसाठी पुणे स्टेशनात ज्याने सहप्रवाशाशी वैर पत्करलं, तो दौंडपासून पुढे पाठमोरा जायचा. इतका तत्पर न्याय कोर्टातसुद्धा मिळत नाही. आता बऱ्याच गाड्या दौंड स्टेशन बाजूला ठेवून कॉर्ड लाईनवरून परस्पर निघतात. वेळ वाचतो, खोटं कशाला बोला. पण इंजिन फिरेपर्यंत खाली उतरून चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचे, ही सोय कुठल्या परिपत्रकात नव्हतीच. त्यामुळे ती गेल्याचंही परिपत्रक निघालं नाही.

थांबा आखडला की पहिला फटका संडासातल्या नळाला बसतो. डब्यांच्या टाक्या ठरावीक स्टेशनांवर, रुळांशेजारच्या नळांना पाइप जोडून भरतात. गाडी उशिरा आली आणि तिला घाईने सोडलं, की काही टाक्या अर्ध्याच राहतात. म्हणून पहाटे पाचला उठून दात घासून घ्यावेत. सातला रांग लागते आणि आठला नळ नुसता सुस्कारा टाकतो. आणि बायो-टॉयलेटमध्ये बाटली किंवा गुटख्याची पुडी टाकू नका. खालच्या टाकीतले जिवाणू माणसाचं सगळं पोटात घालतात, पण प्लास्टिकपुढे त्यांचंही काही चालत नाही. मग तुंबतं, आणि डबाभर सगळे सरकारला नावं ठेवतात.

मोबाईलचं म्हणाल तर रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचा नियम आहे. जेवणाआधीच लावून घ्या.

आता पँट्री. ती असली तरी भरवशाची नाही आणि नसली तरी उपाशी कोणी मरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फलाटावर जनरल डब्यांसमोर २० रुपयांचं पाकीट मिळतं. त्यात ठरलेलं माप ७ पुऱ्या, वजन १७५ ग्रॅम. बटाट्याची सुकी भाजी १५० ग्रॅम. लोणचं १२ ग्रॅम. हे १२ ग्रॅम ज्याने ठरवलं त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. एक फोड आणि बोटावर चाटण्यापुरता खार, झाले १२ ग्रॅम. सात पुऱ्यांना ते पुरवणं म्हणजे पगार महिनाअखेरपर्यंत पुरवण्याची तालीम. रेल नीर या रेल्वेच्या पाण्याची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५मध्ये १५ रुपयांवरून १४ रुपयांवर आली. पण गाडी हलायच्या बेतात असताना सुटा रुपया परत कोण देणार? घरातून रुपयाची नाणी घेऊन निघा. १४ रुपये मोजून हातावर ठेवण्यात जे समाधान आहे ते पाण्यात नाही.

बाकी डबा घरचाच. पहिल्या रात्रीपुरती पोळी आणि बटाट्याची भाजी. त्यात कांदा, टोमॅटो, ओलं खोबरं नको. दुसऱ्या दिवसाला दशम्या. कणीक पाणी न घालता दुधात भिजवायची, तेलाचं मोहन घालायचं, म्हणजे दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी आणि गुळांबा. त्यापुढे चिवडा-लाडू. दशम्या आंबतात त्या बहुतेक डब्यात गरम भरल्यामुळे. वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन खाली टपकतं, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडताच समोरच्या बर्थवरची मंडळी खिडकीकडे सरकतात. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. बाहेर रिक्षावाला खोळंबला असेल तरीसुद्धा.

एसीत अंथरूण-पांघरूण मिळतं. २०२०मध्ये साथीच्या काळात ते बंद झालं आणि मार्च २०२२मध्ये परत आलं. मधली दोन वर्षं लोक सोलापुरी चादरी घेऊन प्रवास करत होते. थ्री-ई नावाच्या स्वस्तातल्या एसी डब्यात तर आधी ८३ बर्थ बसवले आणि मग चादरी ठेवायला जागाच नाही असं लक्षात आलं. तेव्हा ८१, ८२ आणि ८३ हे बर्थ चादरींना दिले. चादरींना कन्फर्म जागा आणि माणसं वेटिंगवर.

कागदी पुडक्यात दोन चादरी निघतात. नवखा माणूस एक अंथरतो आणि दुसरी उशाला घेतो. तसं करू नये. चादरी प्रत्येक प्रवासानंतर धुतात; ब्लँकेट महिन्यातून निदान एकदा, असं खुद्द लोकसभेत सांगितलेलं आहे. एका महिन्यात त्या ब्लँकेटखाली किती जण झोपले असतील याचा हिशेब रात्री करू नये. एक चादर खाली, तिची कड रेक्झिनच्या गादीखाली दाबायची, नाहीतर मध्यरात्री ती घसरून खालच्याच्या तोंडावर जाते. दुसरी आपल्या आणि ब्लँकेटच्या मध्ये. हा आंतरपाट आहे. लग्नातला मंगलाष्टकं संपली की दूर होतो, हा उतरेपर्यंत ढळता कामा नये. वरची वीतभर चादर ब्लँकेटवर उलटी दुमडली, की हनुवटीला लोकर लागत नाही.

पुडक्यात एक छोटा टॉवेलही असतो. हातरुमालापेक्षा मोठा, अंग पुसायला लहान. उतरायच्या तासभर आधी अटेंडंट चादरी गोळा करायला येतो आणि टॉवेल मोजतो, कारण त्याला पुढे हिशेब द्यायचा असतो. तुमचा मिळाला नाही तर लगेच हमरीतुमरीवर येऊ नका. झोपताना उशीखाली ठेवलेला टॉवेल उशीच्या अभ्र्यात शिरतो. आधी तिथे बघा.