‘ग्राहक उपलब्ध नाही’ म्हणे!

‘ग्राहक उपलब्ध नाही. भेट रद्द.’

साताऱ्यातल्या एका घरी परवा सकाळी नऊ ते संध्याकाळी सात दोन माणसं दाराकडे डोळे लावून बसली होती, ऑनलाइन घेतलेला नवा टीव्ही खराब निघाला म्हणून तो तपासायला येणाऱ्या टेक्निशियनची वाट बघत. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मास्तरांनी दूध आणायलासुद्धा शेजारच्या पोराला पाठवलं. बेल वाजली नाही, मोबाइलवर एक मिस्ड कॉल नाही. आणि सव्वासातला अ‍ॅपवर ही ओळ. ज्या माणसाने ती टाइप केली त्याने त्या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं. हा आळस नाही. ही खोटी नोंद आहे, आणि ती नेमकी सहाव्या दिवशीच का पडते ते सगळ्यांना कळतं.

रिटर्नची मुदत सात दिवस, मोजायची डिलिव्हरीपासून. पण खोकं स्वतः उघडायचं नाही, इन्स्टॉलेशनवाला येऊनच उघडेल, असा दम आधीच दिलेला. तो उगवला चौथ्या दिवशी. ४३ इंची टीव्ही भिंतीवर चढला, चालू केला, आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी उभी रेघ. तक्रार त्याच तासाला नोंदवली. तपासणीची भेट सहाव्या दिवशी, ती अशी ‘रद्द’. पुढची भेट थेट नवव्या दिवशी. आठव्या दिवशी मेसेज: रिटर्नची मुदत संपली आहे, कृपया सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. दिवस त्यांनीच खाल्ले आणि उशीर ग्राहकाच्या माथी मारला!

रेघ तरी अशी की शाळेतलं पोर सांगेल दोष कुठला. टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेघ मेनूवरही दिसली तर सेट टॉप बॉक्स, केबल, एचडीएमआय सगळे सुटले, दोष टीव्हीच्या आत. रेघ काठापासून काठापर्यंत सरळ आणि काच अखंड, म्हणजे पॅनलच्या कडेला चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांची जोडणी नाहीतर पॅनलला सिग्नल देणारा बोर्ड. मार लागलेला पडदा वेगळाच दिसतो: एका बिंदूपासून फुटलेलं जाळं, शेजारी शाई सांडल्यासारखा काळा डाग. मोबाइलचा टॉर्च तिरका मारला की तडा दिसतो. एवढं ढळढळीत असताना जॉबशीटवर, म्हणजे टेक्निशियनच्या तपासणीच्या कागदावर, ‘फिजिकल डॅमेज’ (आपटून-धडकून झालेलं नुकसान) लिहून मोकळे होणारे महाभाग आहेतच. त्या कागदावर मुकाट सही करू नका. सहीशेजारी ‘हा शेरा मान्य नाही, काच अखंड आहे’ असं लिहा, तारीख घाला, फोटो काढा. जॉबशीटची प्रत हातात पडल्याशिवाय त्याला जिना उतरू देऊ नका.

आणि ते ‘आमची पॉलिसी’! अरे, पॉलिसी तुमची, कायदा देशाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्याखालचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० पासून लागू. त्यात सरळ लिहिलंय की माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा घेतलेले पैसे द्यायला नकार देता येत नाही. बिलावर परतीची मुदत छापलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत न घेणं ही मूळ कायद्यातच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणून अ‍ॅपवरचा ‘सात दिवस’चा बिल्ला बघू नका, बिल बघा. मन बदललं म्हणून परत करणं वेगळं आणि खराब निघालं म्हणून परत करणं वेगळं. हे दोन्ही एकाच बटणात कोंबून ठेवलेत, म्हणजे मुदत संपली की हक्कही संपला असं माणसाला वाटावं.

चॅटवरचा तो बॉट! ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो.’ काही समजत नाही तुम्हाला. तिथे तास घालवणं सोडा. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, पद आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दडवलेला असतो, शोधून काढा आणि त्यालाच ईमेल करा: ऑर्डर नंबर, बिल, सिरीयल नंबरचा फोटो, रेघेचा व्हिडिओ, रद्द भेटीचा स्क्रीनशॉट. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे त्याच्यावर बंधन आहे. सिरीयल नंबर बिलावर, खोक्यावर आणि टीव्हीच्या पाठीवर, तिन्ही ठिकाणी जुळतो का ते पहिल्याच दिवशी बघा. फोन असेल तर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक. एक आकडा चुकला की ‘हा आमचा माल नाही’ म्हणून हात झटकतात.

दारात उभं राहून ‘दादा, ओटीपी सांगा लवकर’ हा आणखी एक छळ. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर खोकं उघडून बघितल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. त्या पोराची घाई खरी असते, त्याच्यावर ओरडू नका, पण आकडाही देऊ नका. आणि थर्माकोलसकट खोकं माळ्यावर ठेवा, कारण माल परत न्यायला आलेला माणूस आधी तेच मागतो.

ईमेलने हललं नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवा. बऱ्याच कंपन्या इथेच सुतासारख्या सरळ होतात. नाही झाल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे लोक उगाच कच खातात. अटींमध्ये ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ असं छापलेलं असलं तरी कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. साताऱ्याचा माणूस साताऱ्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. विक्रेता, प्लॅटफॉर्म आणि उत्पादक तिघांनाही प्रतिपक्ष करा, एकाला सोडलंत की उरलेले दोघे त्याच्याकडे बोट दाखवतात.

एक चूक मात्र आपल्याच लोकांची, आणि तिचाही तितकाच राग येतो. चार पैसे वाचवायला घरचा टीव्ही दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेतात. मग आयोगात समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत म्हणतो, ही व्यावसायिक खरेदी, हे ग्राहकच नाहीत. घरची वस्तू घरच्या नावावर घ्या हो!

पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा या देशात ग्राहकासाठी वेगळा कायदाच नव्हता. तो यायला १९८६ उजाडलं. एवढ्या खटपटीने मिळालेला हक्क एका अ‍ॅपच्या काउंटडाउनला घाबरून सोडून द्यायचा?

मास्तरांच्या तक्रारीत आता एक मागणी ठळक घालायला हवी: त्या दिवशीची टेक्निशियनची कॉल नोंद आणि भेटीची नोंद हजर करा. दहा तासांत त्याने कोणत्या नंबरवरून, किती वाजता फोन केला ते दाखवा. नसेल दाखवता येत, तर त्या माणसाने शपथपत्रावर लिहून द्यावं की मी दाराशी गेलो होतो आणि दार बंद होतं.