आत्याच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण

आत्या गेली. तेराव्याला ठेवण्यासाठी तिचा फोटो हवा म्हणून घरातले पाचही मोबाइल धुंडाळले, तर हजारो फोटोंमध्ये तिचा एकटीचा, समोर पाहणारा, मोठा करता येईल असा एकही फोटो मिळाला नाही. दहा बाय बाराच्या नीट छपाईला लांबीत 3600 पिक्सेल लागतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून या फोनमधून त्या फोनमध्ये फिरलेल्या त्या चित्रांत निम्मेही भरेनात. अखेर कपाटातल्या जुन्या अल्बमच्या काळ्या पानावरून 1968 सालचा तिचा पोस्टकार्डाएवढा कृष्णधवल फोटो निघाला. मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि निगेटिव्हचा क्रमांक होता, आणि पुढे गालांवरचे देवीचे व्रण मोजता यावेत इतका स्वच्छ चेहरा.

तो फोटो एका दुकानात दिला आणि फक्त मोठा करा, बाकी कशालाही हात लावू नका, असे दोनदा बजावले. संध्याकाळी हातात आली ती कोणी परकीच बाई! गाल संगमरवरासारखे गुळगुळीत, ओठ गुलाबी, नाक बारीक केलेले, आणि व्रण एकही नाही. जाब विचारला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, एआयने क्लिअर करून दिलाय, त्याचे वेगळे पैसे नाही लावले." माझा आवाज इतका चढला की रस्त्यावरची माणसे थांबून पाहू लागली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही. त्या व्रणांपायी आत्याला चार ठिकाणांहून नकार आला होता. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून असे व्रण बुजवून देत असत. आत्याने मात्र तसे करू दिले नव्हते, हे आजी अभिमानाने सांगत असे. तिने निक्षून नाकारलेली गोष्ट छप्पन्न वर्षांहून अधिक काळानंतर, ती गेल्यावर, तिला न विचारता कोणी करावी?

आणि हे काही पहिल्यांदा घडलेले नाही. "डिजिटल आहे ना, कुठे जातंय?" असे म्हणणाऱ्या भाच्याच्या लग्नाचे सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर होते आणि तो पेनड्राइव्ह आता कोणत्याच संगणकावर उघडत नाही. गूगल फोटोजने 1 जून 2021 पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली, तेव्हा घरात कोणते फोटो पुसायचे यावर भांडणे झाली आणि पुसले गेले ते म्हाताऱ्यांचेच. छापील फोटोंचेही हाल आपणच केले: चिकट पानांच्या अल्बममध्ये ते कोंबले, लॅमिनेशन करून त्यांचा जीव घेतला, आणि 'कॉपी काढून परत देतो' म्हणून नेलेला आजोबांचा एकमेव फोटो एका नातेवाइकाने अजून परत केलेला नाही.

मोठी केलेली ती तसबीर मी घरी आणलीच नाही. तेराव्याला पाटावर तो पोस्टकार्डाएवढा मूळ फोटोच ठेवला. हार त्याला फार मोठा झाला, म्हणून एकच सोनटक्का वाहिला. आत्याची धाकटी बहीण जवळ येऊन वाकली, चश्मा वर करून बराच वेळ पाहत राहिली आणि डाव्या गालावरच्या मोठ्या व्रणाजवळ बोट नेऊन म्हणाली, "हा माझ्या लक्षातच नव्हता गं राहिला."