फुटबॉलचा जादा तास

आमच्या घरात फुटबॉलवरून भांडण व्हायला तसं निमित्त लागत नाही. मी शिवाजी पेठेतला, बायको मंगळवार पेठेतली. लग्न जमवताना पत्रिका बघितली, गोत्र बघितलं, शेतीवाडीची चौकशी झाली. पेठ तेवढी बघायची राहिली. पहिल्याच वर्षी कळलं की शाहू स्टेडियमवर दोन्हीकडच्या संघांचा सामना असला, की हरणाऱ्याच्या नावडीची भाजी घरात शिजते. आणि स्वयंपाक तिच्या हातात असल्यामुळं, ती हरली तरी भाजी माझ्याच नावडीची होते.

कोल्हापूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. इथल्या कुस्तीच्या तालमींनी कधीतरी लाल मातीतून मान वर काढली आणि फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून संघांची नावं अजून पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी आहेत, आणि खेळताखेळता एखाद्याला मधूनच मूळ व्यवसायाची आठवण होते. कुठल्या संघाचं व्हायचं हे माणूस ठरवत नाही. सातबाऱ्यावर नाव लागावं तसं ते वडिलांकडून लागतं.

यंदाचं भांडण मात्र नवं होतं. चिरंजीव चौदा वर्षांचे आहेत. शाळेच्या संघात खेळतात, एका क्लबच्या पंधरा वर्षांखालच्या संघातही खेळतात. एका सामन्यानंतर क्लबचे कोच बूट झटकत सहज म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. जादा काहीतरी लावा." एवढं बोलून ते निघून गेले. 'लावा' हा शब्द पालकाच्या कानात कसा घुसतो हे ज्यानं दहावीचं मूल सांभाळलंय त्याला विचारा. गणिताला लावलंय, विज्ञानाला लावलंय, आता फुटबॉललाही लावायचं.

यात थोडा दोष २०१७ चाही आहे. त्या वर्षी सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेनं आपल्याला ३-० असं हरवलं, पण ते आम्हाला फारसं लागलं नाही. रिक्षा चालवणाऱ्याचं पोरगं विश्वचषकात खेळतंय म्हटल्यावर त्या रात्री गावातल्या प्रत्येक बापानं झोपलेल्या पोराचे पाय निरखून बघितले असणार. मी तरी बघितले. चिरंजीव तेव्हा सहा वर्षांचे होते आणि एका पायात मोजा घालून झोपले होते. मला तो शुभशकुन वाटला.

दुसरी अडचण जन्मतारखेची. चिरंजीव २९ डिसेंबरचे. फुटबॉलमध्ये वयोगटाची रेघ बहुतेक ठिकाणी १ जानेवारीला ओढतात. म्हणजे त्याच वर्षीच्या जानेवारीत जन्मलेला, ओठावर मिसरूड फुटलेला, बैलासारखा पोरगा आणि आमचं हे काडीपैलवान एकाच गटात. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या पोरांची गर्दी दिसते, ती यामुळंच. हे वाचून मी बायकोला म्हटलं, "तीन दिवस कळ काढली असतीस तर?" पुढचे चार दिवस जेवणात दोडका होता.

शोध सुरू झाला. पहिलं ठिकाण गावाबाहेरच्या टर्फवरचं. नावात 'एलिट' होतं, गणवेशाचे दोन जोड सक्तीचे होते आणि प्रवेशाआधी मोबाईलवर एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न होता : पाच वर्षांनी आपला पाल्य कुठे असेल असे आपल्याला वाटते? मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.' बायकोनं ते खोडून 'युरोप' लिहिलं.

मी वही घेऊन गेलो होतो. धंद्यानं हिशेबनीस असल्यामुळं मला मोजल्याशिवाय काही कळत नाही. ठरवलं, तासाभरात पोराचा पाय चेंडूला किती वेळा लागतो ते मोजायचं. पहिली वीस मिनिटं जमिनीवर पसरलेल्या दोरीच्या शिडीतून टुकूटुकू पाय टाकण्यात गेली. मग कमरेला छोटी हवाई छत्री बांधून पळापळ. मग व्हिडिओ, कारण ते संध्याकाळी इन्स्टाग्रामवर चढवायचं होतं. तासाच्या शेवटी माझ्या वहीत सदतीस रेघा होत्या. त्यातल्या सोळा, जाळीत अडकलेला चेंडू काढून आणताना पडलेल्या. मी कोचना तसं विनयानं सांगितलं. ते म्हणाले, "सर, ट्रस्ट द प्रोसेस." प्रोसेसची फी तीन महिन्यांची एकदम होती.

दुसरं ठिकाण फुकट होतं आणि म्हणूनच सगळ्यांत अवघड. पहाटे साडेपाचला गांधी मैदानावर आबा शिकवतात. पावसाळ्यात या मैदानाचा धाकटा रंकाळा होतो, पण आबा काठावर उभे राहून वाट बघतात. त्यांनी मलाही शिकवलंय. मी हाफला खेळायचो आणि आता ज्यांचा पोरगा आमच्या चिरंजीवांचा जिवाभावाचा दोस्त आहे, तो गृहस्थ फॉरवर्डला. चेंडू कुणाचाही असो, तिथं माझ्याआधी तो पोचलेला असायचा.

आबांचं सगळं प्रशिक्षणशास्त्र 'घाल' या एकाच क्रियापदावर उभं आहे. आत घाल म्हणजे क्रॉस, लांब घाल म्हणजे पुढं मार, पाय घाल म्हणजे टॅकल, डोकं घाल म्हणजे हेडिंग आणि नुसतं "घाल की रं!" म्हणजे गोल. पंचेचाळीस वर्षांत दुसऱ्या शब्दाची गरज पडलेली नाही. पोरं अठ्ठावीस, चेंडू एक, त्याचीही हवा रोज थोडी जाते. दीड तासात माझ्या वहीत अकरा रेघा पडल्या. पण त्यातल्या सहा वेळा चिरंजीवांनी आपल्या दुप्पट पोरांकडून चेंडू हिसकावून घेतला होता, आणि हे टर्फवर एकदाही घडलं नव्हतं. वही बघून आबा म्हणाले, "काय लिव्हतोस? उधारी हाय का कुणाची?" मी फीबद्दल चाचरत विचारलं. "तुझ्या बाऽकडनं न्हाई घेतली, तुझ्याकडनं घिऊ?" आता अशा माणसाला 'नंतर कळवतो' म्हणून कसं सांगायचं? नाही सांगितलं. आठवड्यातून दोन पहाटा आबांकडं सुरू झाल्या.

तिसरा कोच राजारामपुरीच्या पलीकडं एका शाळेच्या मैदानावर सापडला. पंचविशीतला, किडकिडीत पोरगा, पाठीवर जाळीत आठ चेंडू. बॅच आठ जणांचीच. एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचचं डी लायसन झालंय, सीची तयारी चाललीय, म्हणाला. ही लायसनं डी, सी, बी अशी चढत वर ए आणि प्रोपर्यंत जातात, हे मला माहीत होतं. सासऱ्यांना नव्हतं. कोल्हापुरात ए, बी, सी, डी हे वॉर्ड असतात. शिवाजी पेठ ए वॉर्डात, मंगळवार पेठ बी वॉर्डात. "बी वॉर्डाच्या नातवाला डी वॉर्डाचा मास्तर?" त्यांनी फोनवर विचारलं. मी फोन बायकोकडं दिला.

इथं पहिली वीस मिनिटं पोरं एका पायावर उभी, मग कोपरांवर आडवी, मग उड्या. मी मनात म्हटलं, झालं, योगासनं. तर ते फिफानं केलेलं 'इलेव्हन प्लस' नावाचं वॉर्मअप निघालं. पंधरा व्यायाम, आणि नेमानं केले तर गुडघ्या-घोट्याच्या दुखापती कमी होतात. त्यानंतर प्रत्येकाला एक चेंडू. पंचविसाव्या मिनिटाला माझ्या वहीत दोनशे रेघा झाल्या आणि हात भरून आला. मी वही मिटली. ठरलं.

पण त्या पोरानं आमचं ठरवलं नाही. त्यानं माझीच वही मागितली आणि विचारलं, "काका, आठवड्याचं वेळापत्रक सांगा." शाळेचा सराव साडेचार तास. क्लबचा सहा. रविवारचा सामना दीड. आबा तीन. शिवाय मी स्वतः पोराला रंकाळ्यावर पळवत होतो ते दीड. बेरीज साडेसोळा. माझा जन्म बेरजा करण्यात गेला आणि ही एवढी एक मी कधी केली नव्हती.

"माझे तीन धरले तर साडेएकोणीस," तो म्हणाला. "पोराच्या वयाएवढे तास, त्यापेक्षा जास्त शिस्तीतला खेळ नको, असा साधा आडाखा असतो. आणि सुट्टी कोणत्या वारी?"

मी आणि चिरंजीव एकमेकांकडं बघत राहिलो. मग चिरंजीवांनी अगदी हळू सांगितलं की दोन महिने गुडघ्याखालचं हाड दुखतंय. मला दुखण्याचं ठाऊक होतं. 'वाढीचं दुखणं आहे, जाईल' असा निकालही मीच दिला होता. गंमत म्हणजे डॉक्टरांनीही पुढं तेच सांगितलं. वाढत्या वयात हाडाची ती जागा कोवळी असते आणि मांडीचा स्नायू तिला सारखा ओढतो. फक्त माझ्या निकालात 'जाईल'नंतर 'चल, पळ' होतं आणि त्यांच्या निकालात विश्रांती होती.

आधी काहीतरी कमी करा, मगच माझ्याकडं या, असं तो कोच म्हणाला. फी घ्यायच्या जागी कमी खेळा म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. रंकाळा लगेच बंद केला, कारण तिथं मलाही पळावं लागायचं. आबांची एक पहाट कमी केली. आबांना अजून सांगितलेलं नाही. पोरगं त्या दिवशी आजारी असतं. शाळेच्या सरावाला आठवड्यातून एकदाच जायचं, असं शाळेच्या सरांशी बोलून ठरलं. मंगळवार संपूर्ण सुट्टी. पहिल्या मंगळवारी चिरंजीव संध्याकाळी पाच ते आठ झोपले. बायको दोनदा श्वास चालू आहे का बघून आली.

आता फक्त नाव घालायचं राहिलं होतं. सहज म्हणून चिरंजीवांना विचारलं, "तुला कुठं जायचंय?" उत्तर आलं, "दोस्त जाईल तिथं."

मी दोस्ताच्या वडिलांना फोन लावला. शिरोलीत त्यांची फाउंड्री आहे, मागं मशीनचा खडखडाट. "अरे, आमचं पण तेच म्हणतंय की! तुमचा जाईल तिथं आमचा. तू काय ठरवलंयस?" मी म्हटलं बघतोय. तो म्हणाला मीपण बघतोय. असे आम्ही दोघं आठ दिवस बघत होतो. बायका भाजी मंडईत भेटून एकमेकींचा अंदाज घेत होत्या.

नवव्या दिवशी रात्री साडेदहाला कोचचा मेसेज आला : 'सर, बॅच ८ ची आहे. ७ नावं आली. १ जागा शिल्लक.'

बायको म्हणाली, "त्यांना कळवायला पाहिजे हो. दोघं बरोबर जायचं म्हणत होते."

मी म्हटलं, "पाहिजेच."

"इतक्या वर्षांची ओळख."

"नाहीतर काय."

मग ती उठली, दुधाचं पातेलं झाकून आली, उद्याच्या मटकीला मोड आलेत का बघून आली, आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "भरा."

मी १०.५२ ला पैसे भरले. रात्रभर झोप नीट लागली नाही.

सकाळी सातला सगळे पैसे परत आले. खाली मेसेज : 'सॉरी सर. रात्री १०.४० ला फुल झाली. वेटिंगला तुमचा १ नंबर.'

रविवारी सामन्यानंतर पोरं बूट काढत बसली होती आणि दोस्ताचे वडील मला ओढून मिसळ खायला घेऊन गेले. दोन प्लेट आल्या. बराच वेळ दोघंही कटाकडं बघत पाव बुडवत होतो.

"मग? ठरलं का काही पोराचं?" मी विचारलं.

"कुठलं रे," तो म्हणाला, आणि कांदा मागायला मान वळवली. "तुझं?"

"नाही बा. बघतोय अजून."

त्यानं न मागता माझ्यासाठी जादा कट मागवला, पुन्हा पाव मागवला, आणि बिल मला देऊच दिलं नाही.