‘जीन टेस्ट झाली ना, मग एमआरआय कशाला?’

मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे (स्नायू हळूहळू झिजत जाणाऱ्या आजाराचे) पेशंट असलेल्या घरांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: आजार जनुकातला, निदान जीन टेस्टमध्ये होतं, त्यामुळे मांड्या-पोटऱ्यांचा एमआरआय म्हणजे निव्वळ कमाईचा धंदा. शिवाय त्यातलं रेडिएशन कमजोर स्नायूंना आणखी मारतं, आणि आजार किती वाढला हे चालण्यावरून दिसतंच.

रेडिएशनचं आधी उरकून टाकू. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. चुंबक आणि रेडिओलहरी असतात. जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. लहान मूल स्थिर पडून राहत नाही म्हणून भूल द्यायची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगा. ड्युशेन (मुलग्यांमध्ये लहानपणीच सुरू होणारा डिस्ट्रॉफीचा प्रकार) असलेल्या मुलांमध्ये सक्सिनिलकोलीन या औषधाने हृदय बंद पडू शकतं, भुलीचे वायूही शक्यतो टाळतात. पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगायचं. खरी काळजी घ्यायची ती इथे, आणि मजकुरात तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

‘जीन टेस्टमध्ये सगळं कळतं.’ ड्युशेनपुरतं हे बरंचसं खरं आहे. पाच वर्षांचा मुलगा मांड्यांवर हात टेकत उठतो, सीपीके (स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारोंत, डिस्ट्रॉफिन जनुकाच्या ७९ एक्सॉनपैकी (तुकड्यांपैकी) काही गायब; इथे निदानासाठी मांड्यांचा एमआरआय लागत नाही. पण लिंब-गर्डल (कंबर आणि खांद्यांभोवतीचे स्नायू आधी कमजोर होणाऱ्या) प्रकारांत अनेक जनुकं एकदम तपासली जातात आणि कित्येकदा रिपोर्टवर ‘बदल सापडला, अर्थ अनिश्चित’ एवढंच येतं. घरचे आणि डॉक्टर दोघेही अडकतात. अशा वेळी मांडीचा आडवा छेद कामाला येतो. टी-वन नावाच्या एमआरआय चित्रात धड स्नायू करडा दिसतो, त्याच्या जागी आलेली चरबी पांढरी. कुठला स्नायू आधी जाणार, हे बऱ्याच अंशी जनुकावर ठरतं. कॅल्पेन जनुकाच्या आजारात मांडीचा मागचा आणि आतला भाग आधी पांढरा पडतो. जीएनई मायोपथीत (जीएनई जनुकाच्या स्नायूंच्या आजारात) मागचे स्नायू गेले तरी पुढचा क्वाड्रिसेप्स बराच काळ शाबूत राहतो. कोलॅजेन-सहाच्या आजारात मांडीच्या बाहेरच्या अंगाचा व्हास्टस लॅटरॅलिस कडेने पांढरा होत जातो आणि गाभा टिकतो, तर शेजारच्या रेक्टस फेमोरिसमध्ये नेमकं मधोमध पांढरं दिसतं. रिपोर्टमधलं जनुक आणि हे चित्र जुळलं तर त्या ‘अनिश्चित’ बदलाला वजन येतं. नाही जुळलं तर शोध पुन्हा सुरू. अर्थात काही आजारांचे नमुने एकमेकांसारखे दिसतात, आणि फार उशिरा काढलेल्या एमआरआयमध्ये सगळंच पांढरं झालेलं असतं. तेव्हा त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

चालण्यावरून कळतं, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. ड्युशेनचं मूल साधारण सात वर्षांपर्यंत सहा मिनिटांत आधीपेक्षा जास्त अंतर चालू शकतं, कारण ते वाढत असतं. स्नायू मात्र आतून झिजतच असतात. एमआरआयच्या डिक्सन पद्धतीत (१९८४) पाणी आणि चरबी यांचे सिग्नल वेगळे करून प्रत्येक स्नायूत चरबी किती टक्के, हे मोजता येतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात एफकेआरपी जनुकाच्या आजाराचे (लिंब-गर्डलचाच एक प्रकार) ३२ प्रौढ पेशंट वर्षभर पाहिले. तपासलेल्या १४ स्नायूंपैकी ९ मध्ये चरबी वाढली होती, आणि ताकदीच्या नेहमीच्या चाचण्यांना ते पकडता आलं नव्हतं. औषध लागू पडतंय का, हे ठरवायला असंच मोजमाप लागतं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या गिव्हिनोस्टॅट या ड्युशेनवरच्या औषधाच्या चाचणीत व्हास्टस लॅटरॅलिसमधली चरबी एमआर तंत्रानेच मोजली होती.

ड्युशेनमध्ये हृदयाचा एमआरआय तर टाळूच नये. इको नॉर्मल असतानाही हृदयाच्या भिंतीतले व्रण त्यात दिसू शकतात. त्यासाठी मात्र कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागतं.

राहिला कमाईचा आरोप. यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणार नाही. पाय लुळे पडतायत म्हटलं की कमरेच्या मणक्याचा एमआरआय, सहा महिन्यांनी पुन्हा तोच, हे सर्रास चालतं आणि त्यात स्नायूंबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. त्यामुळे चिठ्ठी हातात आली की वाचा. तिच्यावर ‘दोन्ही मांड्या व पोटऱ्या, टी-वन आणि स्टर’ (स्टर म्हणजे स्नायूंतली सूज दाखवणारं चित्र) असं लिहिलेलं हवं. मणका लिहिला असेल तर कशासाठी, ते न्यूरोलॉजिस्टना तिथेच विचारा.