इतिहासात पैकीच्या पैकी मिळवायचेत?

दहावीत गेलास, अभिनंदन. गणिताला क्लास लावलास, विज्ञानाला लावलास, इंग्रजीलाही लावलास. इतिहासाला कुणी क्लास लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. इतिहास हा पेपरच्या आदल्या रात्री करायचा विषय. ४० मार्क, दोन तास, त्यातही राज्यशास्त्राची वाटणी. भूगोलाचे ४० आणि शाळेच्या हातातले २० मिळवले की शंभर भरले. एवढ्यासाठी थेट हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारापासून सुरुवात करायची काही गरज नव्हती, पण पुस्तकाने केली आहे, तर आपण निभावून नेऊ.

पहिला धडा इतिहासलेखनाचा. इतिहासलेखनाची सुरुवात योग्य प्रश्नांच्या मांडणीने होते, हे वाक्य घोटून पाठ कर. 'वैशिष्ट्ये लिहा' म्हटलं की पहिला मुद्दा हाच. मात्र वर्गात हात वर करून खरोखरचा प्रश्न विचारू नकोस. बाईंना पोर्शन संपवायचाय, मधेच निवडणुकीची ड्यूटी लागलीय. पुढे रांके हा जर्मन इतिहासकार येतो. इतिहास मूळ दस्तऐवजांवर आधारलेला हवा, असा त्याचा आग्रह. हे गाईडमधून पाठ करायचं. पाठ्यपुस्तकदेखील उघडू नकोस, त्यात फार मजकूर असतो. मग 'चुकीची जोडी ओळखा'. मार्क्सच्या पुढे 'डिसकोर्स ऑन द मेथड' दिसलं की ती चुकीची, कारण तो ग्रंथ देकार्तचा. जोडी मोडल्याचा एक मार्क मिळतो. दोघे काय म्हणाले, याचा अर्धाही नाही.

कारणं लिहायची विद्या तू आठवीत १८५७ पासून शिकलेला आहेसच. राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी, आणि शेवटी तात्कालिक. हा साचा जपून ठेव, जगात कुठेही चालतो. तात्कालिक कारणाच्या जागी कधी काडतूस घालायचं, कधी पहिल्या महायुद्धासाठी सारायेव्होत झाडलेली गोळी. फक्त उत्तरात माणसं येऊ देऊ नकोस. २९ मार्च १८५७ ला बराकपूरच्या परेडच्या मैदानावर मंगल पांडे बंदूक घेऊन उभा राहिला, तेव्हा भोवतीचे बहुतेक शिपाई नुसते बघत राहिले. त्याच्यासोबत उठायला ते आले नाहीत, आणि साहेबाने हुकूम देऊनही त्याला धरायला ते पुढे झाले नाहीत. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं असेल? हा प्रश्न डोक्यात शिरला तर रात्रीची झोप जाईल आणि सकाळचा पेपरही. '१० मे, मेरठ' लिही आणि पुढच्या प्रश्नाकडे वळ.

आता इतिहासाची साधनं. लिखित, भौतिक, मौखिक. मौखिक म्हणजे ओव्या, पोवाडे, लोकगीतं, हे तीन शब्द चौकटीत लिहून खाली रेघ मार. हे पाठ करत असताना पलीकडच्या खोलीतून आजी बोलायला लागेल. तिला थांबव. नाहीतर ती १९७२ चा दुष्काळ काढेल. तेव्हा ती साधारण तुझ्याएवढीच होती. सांगेल, की शाळा सुटली आणि खडी फोडायला गेले. हाताला फोड आले तरी हातोडी सोडली नाही, कारण खडी मोजूनच मजुरी मिळायची. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर यायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी, म्हणजे तयार पौष्टिक खाणं, वाटायचे, ती पदरात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणायची. मुकादम न आलेल्या माणसांची नावं हजेरीपटावर कशी मांडायचा, तेही ती सांगेल आणि हसेल. मे महिन्यात तू गावाबाहेरच्या ज्या पाझर तलावात डुंबतोस, त्याच्या बांधाची माती तिने आणि तिच्या आईने डोक्यावरून वाहिली. त्या कामांमधूनच राज्याची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. हे सगळं ऐकायला दीड तास जातो. 'आजी, हे पेपरला नाहीये,' म्हण आणि दार लावून घे. दार लावल्यावर 'मौखिक साधनांचे महत्त्व लिहा' या प्रश्नाचं उत्तर शांतपणे पाठ होतं.

क्षेत्रभेटीचा अहवाल सहलीच्या आधीच लिहून ठेवावा, म्हणजे गडावर वेळ मोकळा मिळतो. तिथे बुरुजावर बाणाच्या खुणेसह नावं कोरलेली दिसतील. कोरणाऱ्यांपैकी पुष्कळांनी 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' हा धडा चांगल्या मार्कांनी पार केलेला असतो.

संस्थांची नावं आणि सालं मात्र चोख हवीत. भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१०. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, १९१७. ५ जानेवारी २००४ ला त्याच भांडारकर संस्थेत जमाव घुसला, ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. ते साल पाठ करू नकोस, रिकाम्या जागेत १९१७ च येतं.

दहावी झाली की इतिहास सुटतो. कला शाखेचं नाव काढलंस तर काका आईला बाजूला घेऊन विचारतील, 'मार्क कमी पडले का हो वहिनी?' म्हणून ते नकोच. इंजिनिअर हो. मग खुशाल फॅमिली ग्रुपवर शिवकालावर अधिकारवाणीने लिही. हेच काका तुला अंगठा देतील. कुणी पुरावा मागितला, तर भावना दुखावून घे. रांकेला हा उपाय सुचला नव्हता.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. निकालानंतर ही पुस्तकं रद्दीत घालू नकोस. इंजिनिअरिंग झाल्यावर नोकरी लागली नाही, तर तू स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येशील, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहशील, आणि अभ्यासिकेतला सीनियर पहिल्याच दिवशी सांगेल, 'आधी स्टेट बोर्डाची पुस्तकं कर, पाचवी ते दहावी.' मग अप्पा बळवंत चौकात जाऊन हीच पुस्तकं जुनी विकत घ्यावी लागतील. घ्यायचीच झाली तर मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी चालेल, आधीच्या मालकाने पेन्सिलने कुठे कुठे 'आयएमपी' लिहून ठेवलंय, तेवढं उलटून बघून घे.