बंड्याचा टॅक्स अन् सचिनची पीएचडी

संशोधनावर होणाऱ्या सरकारी खर्चाच्या बातमीवरून परवा नागपुरात प्रतापनगरच्या ठेल्यावर पेटलं. बंड्या खर्रा घोटत होता, घोटता घोटताच निकाल देऊन मोकळा. “हे संशोधनवाले फुकट पगार खाऊन राहिले बे. आपल्या टॅक्सचा पैसा!”

बंड्यानं आजवर टॅक्स सोडा, ठेल्याची उधारी भरल्याचंही कोणाला आठवत नाही.

सचिनला झोंबलं. त्याची पीएचडी चालू आहे, कधीपासून ते विचारू नका. “काहून बे, कोरोनात 2021 ला निरीनं, म्हणजे आपल्या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेनं, गुळण्यावाली टेस्ट नाही काढली का? नाकात काडी नाही, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा अन् नळीत थुंका.”

“थुंकाले शिकवाले सायंटिस्ट लागते का?” बंड्यानं भिंतीवर प्रात्यक्षिक पण दिलं.

प्रमोद तोवर गप्प होता. यवतमाळकडं झेडपीच्या शाळेवर मास्तरकी करून आलाय, उगाच बोलत नाही.

“निरीचीच नलगोंडा पद्धत घे ना, पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायची, 1970 च्या दशकातली. लिटरमागं फ्लोराइड दीड मिलिग्रामच्या वर गेलं की पोरांचे दात तपकिरी, अजून लय वर गेलं की म्हाताऱ्यायचे गुडघे वाकडे. उपाय काय, तर बादलीत फिटकरी, चुना अन् थोडं ब्लीचिंग टाका, ढवळा, गाळ बसू द्या, वरचं पाणी प्या. स्वस्त, सोपं, एकदम बरोबर. पण हे रोज कराव लागते बाप्पा! फिटकरी किती, ते पाणी तपासून ठरवा, गाळ कुठं फेकायचा ते पाहा, अन् जी बाई उजाडायच्या आत वावरात जाते तिनं हे केव्हा करायचं? शोध आपला नागपुरात लागला, ढवळाले कोन बसवला?”

“मग पेपर छापूच नाही का?”

“छाप ना. फक्त तुझ्या थिसिसमधी त्या बाईचा तास कुठं मोजला तेवढं पान दाखव.”

सचिनकडं पान नव्हतं. माझ्या मते विषय इथंच संपला होता, पण बंड्या असताना विषय संपत नसतो. “म्हणून मी आरओ बसवला,” म्हणे.

“तो का तुझ्या आजोबानं शोधला बे?” सचिनला जरा जीव आला. “अन् 2023 ला सायन्स काँग्रेस आपल्या इथं झाली, एवढं प्रदर्शन पाहाले नेलं तुले, तर तू फुकटचे पेन गोळा करत फिरला!”

“चालते अजून पेन. तुझी पीएचडी चालते का?”

हसून हसून प्रमोदचा चहा सांडला. तेवढ्यात सचिनचा फोन वाजला, गाइड सर, अन् हा गाडीला किक मारून निघाला पण, पैसे न देताच.

बंड्या मागून ओरडला, “पाह्यलं? याची ग्रँट पण आपल्याच खिशातून!”